रेम्ब्रांटचा हात कसा बदलत गेला: रंग, शाई आणि तांब्याचा पत्रा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लाल खडूने काढलेले एक रेखाटन आहे. त्यावर १६३० हे साल लिहिलेले आहे, आणि ते काढणारा रेम्ब्रांट तेव्हा जेमतेम चोविशीचा होता. आधी त्याने लाझारसचा प्रसंग काढला: ख्रिस्ताच्या शब्दाने मेलेला माणूस थडग्यातून उठतो आहे. मग त्याच कागदावर, त्याच रेषांवरून पुन्हा खडू फिरवत, उठणाऱ्या देहाच्या जागी त्याने थडग्यात उतरवला जाणारा देह काढला, आणि पुनरुज्जीवनाचे चित्र दफनाचे झाले. एकदा काढलेल्या गोष्टीवरून हात फिरवून तिच्यातून दुसरी गोष्ट बाहेर काढण्याची ही सवय पुढे जवळजवळ चाळीस वर्षे, कागदावर, कॅनव्हासवर आणि तांब्याच्या पत्र्यावर, वाढतच गेली.

रेम्ब्रांटविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा त्याच्या तैलचित्रांविषयीच बोलतो. पण त्याच्या हयातीत हॉलंडबाहेर त्याचे नाव पोहोचवले ते मुख्यतः तांब्यावरून छापलेल्या चित्रांनी, कारण तैलचित्र एका घरात राहते आणि छापलेला कागद गावोगाव जातो. अशी सुमारे ३०० मुद्राचित्रे त्याने केली, शिवाय शेकडो रेखाटने. या तिन्ही कामांचा इतिहास वेगवेगळा सांगण्याची पद्धत आहे, ती सोयीची असली तरी मला ती दिशाभूल करणारी वाटते. लेखणीने जे शिकवले ते सुईने उचलले, सुईने जे शिकवले ते कुंचल्याने उचलले, आणि हा देवघेवीचा क्रम पाहिला तरच त्याची शेवटची चित्रे तशी का दिसतात हे कळू लागते.

त्याचे चरित्र थोडक्यात सांगता येईल. १५ जुलै १६०६ रोजी लायडन शहरात पिठाची चक्की चालवणाऱ्या घरात त्याचा जन्म झाला. लॅटिन शाळा झाल्यावर १६२० मध्ये त्याचे नाव लायडन विद्यापीठात घातले गेले, पण तो चित्रकलेकडे वळला. तीन वर्षे गावातल्या याकोब व्हान स्वानेनबुर्खकडे आणि मग सुमारे सहा महिने अ‍ॅमस्टरडॅमच्या पीटर लास्टमनकडे त्याने धडे घेतले. बायबलमधील प्रसंग अनेक माणसांच्या हावभावांतून कसा मांडावा, हे त्याने लास्टमनकडून घेतले. १६३१ च्या सुमारास तो अ‍ॅमस्टरडॅमला गेला आणि ४ ऑक्टोबर १६६९ रोजी तिथेच वारला.

लायडनमधली त्याची सुरुवातीची तैलचित्रे लहान, गुळगुळीत आणि बारकाव्यांनी भरलेली आहेत. तरीही १६२८ च्या सुमाराचे एक लहानसे आत्मचित्र, जे आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, जवळून पाहिले तर एक वेगळीच गोष्ट दिसते. चेहऱ्याचा बहुतेक भाग सावलीत आहे, उजेड फक्त गालावर, कानावर आणि मानेवर आहे, आणि विस्कटलेल्या केसांच्या बटा त्याने रंगवलेल्याच नाहीत. रंग ओला असताना कुंचल्याच्या मागच्या टोकाने तो खरवडून, खालचा फिकट थर उघडा पाडून त्याने त्या काढल्या आहेत. वर काळा थर, खाली उजळ पृष्ठभाग आणि मध्ये टोकदार हत्यार: एचिंगमध्ये नेमके हेच असते, आणि याच वर्षांत तो एचिंग शिकत होता.

आपल्याकडे कलाशाळांत एचिंग हाच शब्द रूढ आहे, म्हणून मीही तोच वापरतो. त्याची रीत अशी. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करायचा आणि त्यावर मेण, राळ व डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. या मऊ थरावर सुईने चित्र काढायचे, म्हणजे जिथे सुई फिरेल तिथे थर निघून तांबे उघडे पडते. मग पत्रा आम्लात ठेवायचा. आम्ल मेणाला धक्का लावत नाही, फक्त उघडे तांबे खाते, आणि जितका वेळ जास्त तितकी रेष खोल व छापल्यावर काळी. त्यानंतर थर पुसून टाकायचा, कोरलेल्या रेषांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढायचा. कागद रेषांतली शाई ओढून घेतो आणि चित्र उलटे, आरशातल्यासारखे, उमटते. रेम्ब्रांटच्या काही सुरुवातीच्या पत्र्यांवर त्याची सहीच कागदावर उलटी आली आहे, कारण छापताना बाजू बदलते हे हाताला अजून सवयीचे झाले नव्हते.

या रीतीतली कळीची बाब म्हणजे कष्ट आम्ल करते, हात मोकळा राहतो. धातूवर थेट कोरणाऱ्या कारागिराला प्रत्येक रेषेसाठी जोर लावावा लागतो, त्यामुळे त्याच्या रेषा शिस्तीत, समांतर आणि ठरवून चालतात. मेणावरून फिरणारी सुई मात्र कागदावरच्या लेखणीइतकी सैल फिरू शकते. रेम्ब्रांटने हे ओळखले. १६३० मध्ये आरशासमोर तोंडे वाकडी करून, कधी डोळे वटारून, कधी ओठ विलग करून त्याने स्वतःचे जे चेहरे काढले, त्यांतले काही पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा मोठे नाहीत. हा त्याचा अभिनयाचा रियाज होता. आश्चर्य, राग, भीती चेहऱ्यावर नेमकी कुठे उमटते हे त्याने स्वतःच्याच स्नायूंवर तपासले आणि ते लगेच तांब्यावर उतरवले.

आता लाझारसकडे परत जाऊ. लाल खडूच्या रेखाटनाच्या आगेमागेच त्याने हा प्रसंग तैलरंगातही रंगवला. त्यात ख्रिस्ताचा हात उंच उचललेला आहे, भोवतीची माणसे थक्क होऊन मागे सरली आहेत आणि कडेच्या भिंतीवर टांगलेली शस्त्रे चमकत आहेत. १६३२ च्या सुमारास केलेल्या मोठ्या एचिंगमध्ये ख्रिस्त पाठमोरा, एखाद्या खांबासारखा उभा आहे, हात अजूनही उंचच, आणि पाहणाऱ्यांचे हात हवेत पसरलेले. तैलचित्रातला काळोख रेषांनी मिळवण्यासाठी त्याने पत्र्यावर रेषांवर रेषा रचल्या. १६४२ मध्ये त्याच विषयावर केलेला लहान पत्रा पाहा. ख्रिस्ताचा हात फारसा वर गेलेला नाही, माणसे ओरडत नाहीत, रेषा विरळ आणि सारख्या वजनाच्या आहेत, कागदाचा पांढरेपणा बराचसा तसाच ठेवलेला आहे. दहा वर्षांपूर्वी त्याला चमत्काराचा आवाज काढायचा होता, आता त्याला त्या क्षणाची शांतता पुरते. दोन्ही पत्रे शेजारी ठेवले तर माझा डोळा दर वेळी लहान पत्र्याकडेच जातो, कारण त्यात पाहणाऱ्याला काही करायला जागा उरते.

मधल्या दहा वर्षांत तो अ‍ॅमस्टरडॅमचा सर्वांत मागणी असलेला व्यक्तिचित्रकार झाला होता. १६३२ मध्ये डॉ. टुल्प यांच्या शरीरविच्छेदनाच्या पाठाचे चित्र, १६३४ मध्ये सास्कियाशी लग्न, १६३९ मध्ये १३,००० गिल्डरला (गिल्डर हे तेव्हाचे डच नाणे) घेतलेले मोठे घर, १६४२ मध्ये शहराच्या नागरी रक्षकदलाचे ‘नाइट वॉच’ हे समूहचित्र आणि त्याच वर्षी सास्कियाचा मृत्यू, हा काळ सर्वश्रुत आहे. ‘नाइट वॉच’ ग्राहकांनी नाकारले आणि तिथून त्याचा ऱ्हास सुरू झाला ही कथा मात्र खरी नाही. त्याच्या कलेच्या दृष्टीने मला या काळातले एक पत्र अधिक मोलाचे वाटते. राजपुत्र फ्रेडरिक हेंड्रिकसाठी तो ख्रिस्ताच्या यातनांची चित्रमालिका करत होता आणि राजपुत्राचे सचिव कॉन्स्टंटाइन हायगेन्स यांना त्याने १६३९ मध्ये लिहिले की या चित्रांत सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वाभाविक ‘हालचाल’ साधण्याचा त्याने प्रयत्न केला आहे. ही हालचाल शरीराची की मनाची यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तिन्ही माध्यमांतले त्याचे काम पाहता, त्या शब्दाचा अर्थ त्याच्यासाठीच हळूहळू शरीराकडून मनाकडे सरकत गेला असे मला वाटते.

हे सरकणे सर्वांत आधी रेखाटनांत दिसते. त्याची बहुसंख्य रेखाटने कुठल्या तैलचित्राची पूर्वतयारी नव्हती. चित्राची मांडणी तो बहुधा थेट फलकावर किंवा कॅनव्हासवर कुंचल्याने करत असे. रेखाटन ही त्याची रोजची बोलण्याची रीत होती आणि विषय व साधन पाहून तो तिचा सूर बदलत असे. वाङ्निश्चयानंतर तिसऱ्या दिवशी, ८ जून १६३३ रोजी, त्याने सास्कियाचे चित्र चर्मपत्रावर चांदीच्या टोकाने काढले, ज्यात रेष खोडता येत नाही. १६३७ मध्ये हत्ती काढला तो काळ्या खडूने, कारण सुरकुतलेल्या जाड कातडीसाठी खडूची भरड रेष हवी. १६३० च्या दशकाच्या शेवटी लोह आणि मायफळ यांच्या शाईने काढलेली रेखाटने आहेत. आपल्याकडे हिराकस आणि मायफळ घालून पोथ्यांची शाई करत, तिच्याच जातीची ही शाई.

ब्रिटिश म्युझियममध्येच लाल खडूचे एक लहान रेखाटन आहे: दोन बायका एका बाळाला चालायला शिकवत आहेत. एक तरुण, एक म्हातारी. म्हातारीचे वाकणे कष्टाचे आहे, तरुणीचे सहज आहे, आणि बाळाच्या चेहऱ्यावरची धास्ती दोन-तीन फटकाऱ्यांत आली आहे. कपड्यांचा पोत, जमीन, खोली यांतले काहीही काढलेले नाही. त्याच काळातल्या तैलचित्रांत तो रेशीम, मोती आणि सोनेरी साखळ्या अजून मन लावून रंगवत होता, म्हणजे काय वगळायचे ते लेखणीला आणि खडूला कुंचल्याच्या वीस वर्षे आधी समजले होते. पुढे १६५० च्या दशकात तो पिसाच्या लेखणीऐवजी बोरू वापरू लागला. बोरूने ज्यांनी कित्ता गिरवला आहे त्यांना ठाऊक असेल की तो पिसासारखा लवचीक नसतो, वळणावर अडतो आणि शाई लवकर संपून रेष कोरडी, तुटक उमटते. रेम्ब्रांटला हा अडथळाच हवा होता. त्यामुळे आकृत्या ठोकळेबाज, जवळजवळ बांधकामासारख्या झाल्या आणि डौलदार वळणाचा मोह आपोआप टळला.

तांब्यावर या शिक्षणाचा पहिला मोठा परिणाम ‘शंभर गिल्डरचे चित्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्र्यात दिसतो. १६४८ च्या सुमारास पुरे झालेल्या या चित्राला हे नाव मिळाले ते त्याच्या एका प्रतीला आल्याचे सांगितल्या जाणाऱ्या किमतीवरून. मध्यभागी ख्रिस्त उभा आहे. उजवीकडे कमानीच्या अंधारातून आजारी, पंगू, थकलेली माणसे त्याच्याकडे येत आहेत, आणि तो भाग दाट रेषांनी मखमलीसारखा काळा केला आहे. डावीकडे वाद घालणारे शहाणे लोक आहेत आणि ते नुसत्या बाह्यरेषेत, बोरूच्या रेखाटनासारखे, भर उजेडात ठेवले आहेत. अपूर्ण राहिलेला भाग म्हणून त्याकडे पाहणे चूक ठरेल. तैलचित्राची सावली आणि रेखाटनाची मोकळीक त्याने एकाच पत्र्यावर मुद्दाम समोरासमोर आणली आहे.

यानंतर आम्लाची गरजच त्याला कमी वाटू लागली. ड्रायपॉइंट नावाच्या रीतीत मेणही नसते आणि आम्लही नसते. टोकदार सुईने तांबे थेट ओरखडायचे. आपल्याकडे नव्या भांड्यावर नाव घातले की अक्षरांवरून बोट फिरवताना काठ खरखरीत लागतात, कारण टोकाने बाजूला सारलेला धातू कडेला उभा राहतो. भांडे घासून घासून ती खरखर जाते. सुईच्या रेषेच्या कडेलाही असाच धातूचा बारीक कंगोरा उठतो, त्याला बर म्हणतात. शाई पुसताना ती या कंगोऱ्यात अडकते आणि कागदावर रेष कडक न येता मऊ, पसरट, लोकरीसारखी येते. अडचण एवढीच की रुळाच्या दाबाखाली कंगोरा चेपत जातो आणि काही डझन प्रती निघाल्या की ती मऊ काळी छटा उरत नाही. म्हणून अशा पत्र्याची सुरुवातीची प्रत आणि नंतरची प्रत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. रेम्ब्रांटच्या मृत्यूनंतरही त्याचे बरेच पत्रे पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले, तेव्हा एखाद्या संग्रहालयात त्याचे मुद्राचित्र फिकट वाटले तर दोष त्याच्या हाताचा नसून झिजलेल्या तांब्याचा असण्याची शक्यता मोठी आहे. त्याने स्वतः या क्षणभंगुर छटेसाठी कागदही निवडून घेतला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येणारा जपानी कागद गुळगुळीत आणि किंचित पिवळसर होता, आणि नाजूक कंगोऱ्यातली शाई तो कमी दाबातही उचलत असे.

१६५३ मध्ये त्याने ‘तीन क्रूस’ हा पत्रा केला. त्याची रुंदी सुमारे ४५ सेंटिमीटर आहे, आणि आम्लाचा थेंब न वापरता, सुई आणि कोरणी यांनीच तो पुरा केलेला आहे. पत्र्यावर काही बदल करून पुन्हा छापले की त्या टप्प्याला ‘स्टेट’, म्हणजे अवस्था, म्हणतात. पहिल्या तीन अवस्थांत वरून उजेडाचा मोठा झोत ख्रिस्तावर पडतो, खाली गर्दी आहे, शोक करणाऱ्या बायका आहेत, आणि ज्याला अचानक सत्य उमगले तो रोमन शतकाधिपती हात पसरून गुडघ्यांवर बसला आहे. चौथ्या अवस्थेत रेम्ब्रांटने याच पत्र्यावर जवळजवळ हल्ला केला. बरीच माणसे घासून आणि खरवडून काढून टाकली, उंच टोपीचा एक नवाच घोडेस्वार आणला, जो त्याने पिसानेल्लो या इटालियन कलावंताच्या पदकावरून घेतला होता, आणि वरपासून खालपर्यंत सरळ, कठोर, काळ्या रेषा ओढल्या. ख्रिस्ताच्या दोन्ही बाजूंना क्रूसावर चढवलेल्या दोन चोरांपैकी एक अंधारात जवळजवळ बुडून गेला. शुभवर्तमानात म्हटले आहे की ख्रिस्ताच्या मृत्यूच्या वेळी देशभर अंधार पडला. आधीच्या अवस्थांत आपण ती घटना दुरून पाहतो, चौथ्या अवस्थेत तो अंधार आपल्याच डोळ्यांवर पडतो. पुसलेल्या माणसांचे माग अजून तांब्यावर अंधूक दिसतात. लाल खडूच्या कागदावर १६३० मध्ये त्याने जे केले होते ते इथे शंभरपट धाडसाने केले आहे, कारण खडूची रेष पुन्हा काढता येते, पण खरवडलेला पत्रा मागे नेता येत नाही.

१६५५ च्या ‘लोकांसमोर ख्रिस्त’ या पत्र्यातही हेच घडले. त्यात रोमन सुभेदार पिलात ख्रिस्ताला चौथऱ्यावर उभा करून त्याचे काय करायचे हे लोकांना विचारतो. त्याच्या आठ अवस्था आहेत. आधी चौथऱ्याखाली बोलक्या चेहऱ्यांची सबंध गर्दी होती. शेवटच्या अवस्थांत ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी तळघराच्या दोन काळ्या कमानी उघडल्या. गर्दी गेल्यामुळे चौथऱ्यासमोर आता आपणच उभे राहतो, आणि निवाडा करणाऱ्यांत आपण आहोत की नाही हे आपल्यालाच ठरवावे लागते. १६५४ च्या सुमाराच्या दफनाच्या पत्र्यात तर त्याने बदल पत्र्यावर न करता शाईत केला: छापण्याआधी पृष्ठभागावर कधी शाईचा पातळ थर ठेवला, कधी पुसला, त्यामुळे एकाच पत्र्याच्या एका प्रतीत दिवेलागण आहे आणि दुसरीत जवळजवळ काळोख. छापण्याचे यंत्र त्याने असे रंगवण्यासाठी वापरले.

या सुमारास भारताचा एक धागा त्याच्या कामात येतो. साधारण १६५६ ते १६६१ या काळात त्याने मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली आणि ती बहुतेक आशियाई कागदावर, बारीक लेखणीने, हलकी छटा देऊन काढली. त्यांत जहांगीर आहे, शाहजहान आहे. एरवी बोरूने धसमुसळेपणाने काढणारा हा हात इथे मुघल चितेऱ्याच्या बारीक रेषेमागे संयमाने चालतो, आणि तरी अंगरख्याखालचे वजन आणि पायाखालची सावली त्याच्या स्वतःच्या पद्धतीने येतेच. झाडाखाली बसलेल्या चार मौलवींच्या एका लघुचित्रावरून त्याने रेखाटन केले. १६५६ च्या एचिंगमध्ये बायबलमधला कुलपुरुष अब्राहम याच्याकडे आलेले पाहुणे तसेच जमिनीवर अंथरूण घालून, मध्ये ताटे ठेवून बसले आहेत. युरोपात हा प्रसंग बहुधा मेजाभोवती मांडत. पूर्वेकडचे लोक जमिनीवर बसून जेवतात, तेव्हा अब्राहमच्या घरीही तसेच असणार, हा साधा आणि बरोबर विचार त्याला त्या लघुचित्राने दिला.

त्याच १६५६ मध्ये कर्जापायी त्याला दिवाळखोरी पत्करावी लागली, संग्रहाची ३६३ नोंदींची यादी झाली, आणि पुढे घरही विकले गेले. १६६० नंतर त्याने एचिंग जवळजवळ थांबवले. मात्र तांब्याने जे शिकवले ते वाया गेले नाही, ते रंगात आले. शिशाच्या पांढऱ्या रंगाचे जाड थर, त्यांवर चाकूने ओढलेले पट्टे, ओल्या रंगात खरवडलेल्या रेषा, आणि मध्येच उघडा सोडलेला खालचा तपकिरी थर अशी त्याच्या शेवटच्या तैलचित्रांची बांधणी आहे. ‘ज्यू वधू’ या चित्रातली नवऱ्याची सोनेरी बाही हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्यावर खरा उजेड रंगाच्या खडबडीत उंचवट्यांवर अडकतो, जशी शाई ड्रायपॉइंटच्या कंगोऱ्यात अडकते. तरुण रेम्ब्रांटने सोन्याचा भास रंगवला होता, म्हाताऱ्या रेम्ब्रांटने उजेड थांबेल असा पृष्ठभागच तयार केला.

अ‍ॅमस्टरडॅमच्या नव्या नगरभवनासाठी त्याने बटेव्हियन लोकांच्या, म्हणजे रोमविरुद्ध उठलेल्या प्राचीन जमातीच्या, शपथेचे प्रचंड चित्र रंगवले, तेव्हा त्याची मांडणी एका दफनविधीच्या निमंत्रणपत्राच्या पाठीवर लेखणीने काढून पाहिली होती. त्या निमंत्रणावर ऑक्टोबर १६६१ ची तारीख आहे. त्या एवढ्याशा कागदावर उंच कमानी, पायऱ्या आणि उजळलेले मेज मोजक्या रेषांत बसवले आहे. चित्र भिंतीवर लागले, १६६२ मध्येच उतरवले गेले, आणि पुढे कापून लहान केले गेले. उरलेला भाग आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूळ चित्र किती भव्य होते हे आपल्याला आज त्या निमंत्रणाच्या पाठीवरूनच कळते.

लंडनच्या केनवुड हाउसमध्ये त्याचे १६६५ च्या सुमाराचे एक आत्मचित्र आहे. पांढरी टोपी, फरचा कोट, आणि मागच्या भिंतीवर दोन मोठ्या वर्तुळांचे तुकडे. क्ष-किरणांनी पाहिल्यावर असे दिसले की आधी त्याने आरशात दिसते तसेच स्वतःला रंगवले होते, म्हणजे कुंचला डाव्या हातात आणि रंगांची पाटी उजव्या हातात. मग त्याने ते बदलून हात झाकला, आणि पाटी-कुंचले धरणारा हात बोटे न काढताच सोडून दिला. जिथे बोटे असायला हवीत तिथे तपकिरी, राखाडी आणि पांढऱ्या रंगाचे काही झपाट्याचे फटकारे आहेत, आणि त्यांतला एक ओल्या रंगात कुंचल्याच्या मागच्या टोकाने खरवडलेला आहे.